चाल बदललेली उडी

वीट फुटली आणि मारिओ खाली आला नाही. घडलं ते एवढंच.

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. भाच्याच्या 'निन्टेंडो स्विच'वर जुन्या खेळांचं एक कपाटच आहे. त्यात १९८५चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' होता, पण १९९३ साली नव्या रंगरूपात आणलेला, 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संचातला. आकाशाला छटा आल्या होत्या, विटांना सावल्या आल्या होत्या, संगीत भरदार झालं होतं. बघून बरं वाटलं. मग सवयीने डोक्यावरची वीट फोडली. जुन्या खेळात वीट फुटते तिथेच उडी संपते. टाळकं आपटल्यासारखा मारिओ खाली येतो. इथे वीट फोडून तो वर चढतच राहिला. डोळ्यांना हा फरक कदाचित कळलाही नसता. माझा अंगठा मात्र पुढचं बटण दाबून मोकळा झाला होता आणि मारिओ अजून हवेतच होता. खाली आला तो थेट खड्ड्यात.

"मामा, तुला येत नाही," भाचा म्हणाला.

"अरे, हा तो मारिओ नाही," मी म्हणालो. त्याला ती सबब वाटली, आणि दहा वर्षांच्या मुलाला ती तशी वाटावी यात काही गैर नाही.

पण ती सबब नव्हती. मराठीत 'चाल' या शब्दाला दोन अर्थ आहेत, माणसाची चाल आणि गाण्याची चाल. एखाद्या ओळखीच्या गाण्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून कुणी चाल बदलली, तर ते गाणं आपल्याला म्हणता येत नाही. तोंड उघडतं आणि पहिल्याच ओळीत अडखळतं. फळीवरून फळीवर उड्या मारत जायचे जे खेळ असतात, ज्यांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात, त्यांच्यात 'चाल'चे हे दोन्ही अर्थ एक होतात. पात्र कसं पळतं, किती उशिरा उडतं, हवेत वळतं की नाही, जमिनीवर टेकल्यावर घसरतं की जागीच थांबतं, हेच त्या खेळाचं गाणं. चित्रं, ढग, राक्षस, राजकन्या हे सगळे शब्द. लहानपणचे खेळ नव्याने बनवून विकायचा जो धंदा गेली काही वर्षं जोरात आहे, त्यात शब्द काळजीने जपले जातात आणि चाल मात्र राहिली तर राहिली, असं माझं म्हणणं आहे.

चाल म्हणजे नेमकं काय, हे सांगायला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारखा दुसरा दाखला नाही. आमच्या शाळेत संगणक कक्षात चपला बाहेर काढून जावं लागे. आत थंडगार हवा, आणि सर बाहेर गेले की तीन-चार पडद्यांवर पांढऱ्या कपड्यांतला तो माणूस तळघरातून पळायला लागे. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. बटण दाबलं की तो लगेच उडत नसे. आधी पाऊल पुरं करी, अंग मागे घेई, मग झेपावे. मारिओची सवय असलेला मुलगा इथे पहिल्याच दरीत पडायचा, कारण मारिओ बटणाचा हुकूम ताबडतोब ऐकतो, बटण दाबून ठेवाल तितका उंच जातो आणि हवेतही वळतो. या राजपुत्राला वजन होतं. त्याच्यासाठी कडेच्या एक पाऊल आधी निर्णय घ्यावा लागे. शिफ्टचं बटण दाबून एकेक सावध पाऊल टाकत कडेपर्यंत जायचं, मग मागे येऊन धाव घ्यायची, हे आम्ही सगळे न शिकवता शिकलो.

हे वजन आलं कुठून? जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला एका मोकळ्या पार्किंगमध्ये पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट हाताने उतरवून 'ॲपल टू' संगणकात भरली. तलवारबाजीसाठी १९३८च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटातलं शेवटचं द्वंद्व वापरलं. खेळ १९८९ला आला. म्हणजे मिरजेतल्या आमच्या बोटांनी जी लय पाठ केली, ती अमेरिकेतल्या एका खऱ्या मुलाच्या खऱ्या उडीची होती. बरं, त्या संगणकात जागा इतकी थोडी, की आणखी एक शत्रू काढायची सोय नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रं गणिती क्रियेने स्वतःवरच सरकवून उलटवली आणि एक झगझगता सावलीपुरुष मिळवला. आरशातून उडी मारली की तो बाहेर पडतो. खेळातली सर्वांत अविस्मरणीय व्यक्ती जागेच्या तंगीतून जन्माला आली. आज शेकडो चित्रकार हाताशी असलेल्या कंपनीला हा सावलीपुरुष कितीतरी सुंदर काढता येईल. त्याची गरज मात्र तिला कधीच पडणार नाही.

आता चाल चुकली की काय होतं ते पाहा. 'क्रॅश बँडिकूट' हा नॉटी डॉग या कंपनीचा १९९६चा खेळ. एक नारिंगी प्राणी पडद्याच्या आत आत पळत जातो. गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशोबाने पैसे मोजून आम्ही तो खेळलो. २०१७ साली व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओने त्याचे पहिले तीन भाग नव्याने बांधले. प्राण्याच्या अंगावरचा केस न् केस दिसू लागला, जंगल ओलं दिसू लागलं. आणि जगभरचे जुने खेळाडू पहिल्या भागातल्या पुलावरून पटापट खाली पडू लागले. आधी वाटलं, वय झालं. मग लोकांनी जुना आणि नवा खेळ शेजारी ठेवून उड्या मोजल्या, आणि खेळ प्रकाशित करणाऱ्या ॲक्टिव्हिजनलाही जाहीरपणे सांगावं लागलं की पहिल्या भागातल्या काही उड्यांना आता पूर्वीपेक्षा जास्त अचूकपणा लागतो.

कारण अगदी साधं होतं. खेळातलं पात्र आपल्याला प्राणी दिसतं, पण कुठे टेकलं आणि कुठे पडलं हे ठरवताना संगणक त्याच्याभोवती एक अदृश्य आकार धरतो. नव्या खेळात हा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा, खालून गोल झाला होता. पाट्याची कड ओट्याबाहेर आली तरी पाटा जागेवर राहतो, वरवंटा गडगडतो. क्रॅशचा पाट्याचा वरवंटा झाला. शिवाय तिन्ही भागांना बेतलेली हालचाल होती तिसऱ्या भागाची, कारण ती सर्वांत सफाईदार. पण पहिल्या भागातले पूल, दऱ्या, फळ्यांमधली अंतरं पहिल्या भागाच्या उडीच्या मापाने कापलेली होती. थोरल्याचा सदरा धाकट्याला घातला तर बाह्या लोंबतात, इथे त्याच बाह्यांत पाय अडकून माणसं दरीत पडली. या स्टुडिओने काम निष्काळजीपणे केलं असं मी म्हणणार नाही. मूळ कोड हाताशी नसताना जुन्या आराखड्यांवरून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं. तरीही कुठली गोष्ट कुठल्याही परिस्थितीत हलवायची नाही, हे ठरवताना त्यांनी रूपाला पहिला मान दिला आणि उडीला दुसरा.

आपल्याकडे गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात. काळ्या पाषाणाच्या खांबांवर तैलरंग चढतो, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशा बसतात. गावकऱ्यांची त्यामागची भक्ती खरी असते, म्हणून चिडायचंही जीवावर येतं. पण तैलरंग निदान खरवडता येतो, त्याच्याखाली दगड असतो. चाल बदलून बांधलेल्या खेळाखाली खरवडायला काही नसतं.

इथे मला स्वतःलाच एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. मी ज्याला 'मूळ' म्हणतोय, ते मी कधी पाहिलं होतं का?

आमच्या घरी आलेला टीव्ही गेम निन्टेंडोचा नव्हताच. ती त्याची नक्कल होती. पिवळी कॅसेट, तिच्यावर ९९९९ खेळांचा दावा, आत पंधरा-वीसच खेळ फिरून फिरून. चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. रिमोटवर दोन जादा टर्बो बटणं, जी खऱ्या निन्टेंडोच्या साध्या रिमोटवर नव्हती. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे, जपान-अमेरिकेत टीव्हीचं चित्र सेकंदाला ६० वेळा उमटे, आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५० वेळा. मारिओचा सगळा हिशोब चित्रागणिक पुढे सरकतो. पालसाठी बेतलेल्या संचावर तोच खेळ सहाव्या हिश्शाने संथ चालायचा. म्हणजे क्योतोच्या कारागिरांनी जी चाल बांधली, ती आमच्यापैकी अनेकांनी विलंबित लयीतच ऐकली. हे मला फार उशिरा कळलं. अस्सल, अमेरिकी लयीतला मारिओ पहिल्यांदा खेळलो तेव्हा तो मला घाईत असल्यासारखा वाटला होता.

टीव्हीही बदलला. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आलेला संकेत जवळजवळ त्याच क्षणी दाखवी. आजचा सपाट टीव्ही चित्रावर आधी संस्कार करतो, मग दाखवतो, आणि तेवढ्या वेळात उडी हुकते. बंदुकीने बदकं मारायचा 'डक हंट' तर सपाट टीव्हीवर चालतच नाही, त्याची बंदूक जुन्या नळीच्या प्रकाशावर अवलंबून असते. भर म्हणून आपला अंगठाही आता लाडावला आहे. नवे खेळ गुपचूप मदत करतात. २०१८च्या 'सेलेस्ट'मध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही क्षणाचा काही अंश उडी मारायची मुभा असते. खेळणाऱ्याला वाटतं आपण वेळेवर उडालो. अशा सवयीनंतर १९८९च्या राजपुत्राकडे परत गेलं की तो हट्टी म्हाताऱ्यासारखा वाटतो.

मग अस्सलपणाचा आग्रह सोडून द्यावा? नव्या मुलांसाठी नवं बनवलंय, तुम्ही म्हातारे लोक कशाला खड्डे मोजताय, असं कुणी म्हणेल. त्यातलं अर्धं मला मान्य आहे. मधेच खेळ जतन करता यावा, तीन जीव संपले म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागू नये, या सुधारणांना माझी ना नाही. आमच्या वेळची ती सक्ती म्हणजे काही संस्कार नव्हता. खेळ बदलण्यालाही माझी हरकत नाही. २००३ साली युबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने, मेकनरला बरोबर घेऊन, राजपुत्राची चाल मुळापासून बदलली. तो भिंतींवरून धावू लागला, आणि पडलात तर खंजिराच्या वाळूने काळ मागे फिरवायची सोय झाली. पण त्या खेळाला त्यांनी 'सँड्स ऑफ टाइम' हे स्वतःचं नाव दिलं. जुना राजपुत्रच पुन्हा विकतोय असा आव आणला नाही. नवी चाल बांधायची तर बांधा. जुन्या गाण्याचं नाव लावून, लोकांच्या आठवणीवर आगाऊ नोंदणी घेऊन ती विकू नका.

आणि आठवणीचं भांडवल केवढं मोठं असतं, याची कल्पना 'डकटेल्स'वरून यावी. दूरदर्शनवर रविवारी स्क्रूज काका पाहत वाढलेल्या पिढीला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. कॅपकॉमचा १९८९चा खेळ वेफॉरवर्डने २०१३ला नव्याने केला. काठीवर टुणटुण उडणारा स्क्रूज तसाच, आवाजाला मालिकेतलेच ॲलन यंग, वय ९३. हौसेने केलेलं काम. पण दर दोन-चार उड्यांनंतर खेळ थांबून पात्रं बोलत सुटतात. मुलाने भोवऱ्याला जाळी गुंडाळून हात उचलावा आणि कुणीतरी मनगट धरून भोवऱ्याचा इतिहास सांगावा, तसं होतं. तिथे काठीची उडी कुणी बिघडवली नव्हती, लयच तोडली होती. आणखी एक गोष्ट: २०१९च्या ऑगस्टमध्ये हा खेळ ऑनलाइन दुकानांतून काढून टाकला गेला आणि २०२०च्या मार्चमध्ये परत आला. जुन्याला वाचवायला आलेला नवाच मधे सात महिने गायब.

ज्यांनी हे कोडं खरोखर सोडवलं, त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत असेल. लिझर्डक्यूब या छोट्या फ्रेंच मंडळीने २०१७ साली 'वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप' हा सेगाचा १९८९चा खेळ नव्याने आणला. त्यातल्या एकाने, ओमार कोर्नूने, जुन्या खेळाचं यंत्र आतून उकलून त्याचा हिशोब समजून घेतला होता. त्याच हिशोबावर बेन फिकेने हाताने काढलेली देखणी चित्रं चढवली. खेळता खेळता एक बटण दाबलं की चित्रं १९८९ची होतात, पुन्हा दाबलं की २०१७ची, आवाजाचंही तसंच. उडी मात्र दोन्हीकडे तीच. त्या काळी वहीत उतरवून ठेवलेला पासवर्ड या नव्या खेळात घातला तर तोही चालतो. मी हे बटण भर उडीत दाबून पाहिलं आहे. हवेत असताना कपडे बदलले, आणि पाय ठरल्या जागीच टेकले. नव्याने रंगवणाऱ्या प्रत्येकाला मी हे एक बटण सक्तीचं केलं असतं.

कारण प्रश्न शेवटी माझ्या अंगठ्याच्या लाडाचा नाही. नवं आलं की जुनं दुकानातून जातं, आणि मग नव्यालाच जुनं समजतात. हे आपल्याला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आपण पहिला चित्रपट म्हणून अभिमानाने दाखवतो. त्याची मूळ प्रत आगीत गेली असं सांगतात, आणि फाळक्यांनी १९१७ साली तोच विषय पुन्हा चित्रित केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं आहेत, ती या दुसऱ्या चित्रीकरणाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे शंभर वर्षांनंतर मूळ कोणतं आणि पुनर्निर्मिती कोणती, यावर वाद घालत बसायची वेळ आली. व्हिडिओ गेमांना त्याला शंभर वर्षंही लागणार नाहीत. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीप्रमाणे, २०१०पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. आणि हे अमेरिकेतलं. आपल्या पिवळ्या कॅसेटी कुणी मोजल्याही नाहीत.

राजपुत्राची गोष्ट तर फिरून पुण्यातच येते. १० सप्टेंबर २०२० रोजी युबीसॉफ्टने 'सँड्स ऑफ टाइम'ची पुनर्निर्मिती जाहीर केली. ती घडवत होते कंपनीचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. एवढ्या मोठ्या नावाची जबाबदारी आपल्याकडच्या मुलामुलींकडे आली, याचा मला तेव्हा भाबडा म्हणावा इतका आनंद झाला होता. पण झलक बाहेर आली आणि जगभर टिंगल सुरू झाली. चेहरे जुनाट, उजेड सपाट, वगैरे. टीका चुकीची होती असं नाही. पण ती सगळी डोळ्यांची होती. रिमोट कुणाच्याच हातात आला नव्हता. राजपुत्र भिंतीवर कसा चढतो, खांबावरून खांबावर जाताना बोटाला काय जाणवतं, याबद्दल कुणाला एक अक्षर बोलता येत नव्हतं आणि तरी निकाल लागला होता. जानेवारी २०२१ची तारीख पुढे गेली, आणखी पुढे गेली. मे २०२२मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिलं गेलं, आणि जानेवारी २०२६मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला.

१९८९च्या राजपुत्राचं नशीब यापेक्षा बरं. त्याच्या मूळ कोडच्या फ्लॉपी हरवल्या आहेत असंच मेकनर धरून चालला होता. २०१२ साली त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या सापडल्या, जाणकारांनी त्या जपून वाचल्या आणि मेकनरने सगळा कोड जगासाठी खुला केला. त्या उडीचा प्रत्येक आकडा आज कुणालाही पाहता येतो.

पुण्या-मुंबईतल्या राजपुत्राची उडी मात्र तिथल्या स्टुडिओत काम केलेल्यांनीच काय ती अनुभवली आहे. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा लेख पडला, तर एक विनंती आहे. गुप्ततेच्या करारात बसेल तेवढंच लिहा, दोन पानंही पुरेत, मराठीत लिहिलंत तर फारच छान. चेहऱ्याबद्दल आणि उजेडाबद्दल नको, ते सगळ्यांनी पाहिलं. तो उडायचा कसा, ते सांगा.